‘मशीन आणा, गावाला हटवा’: लाकूडतोडीवरच्या फिरत्या मेसेजला उत्तर

दोनेक आठवड्यांपासून एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या कॉलेज रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या ग्रुपवर, आणि परवा माझ्या भाच्याने तोच मला ‘खरं आहे का गं आत्या?’ म्हणून पाठवला. मेसेज थोडक्यात असा:

“भारतात लाकूड महाग आहे आणि बाहेरून आणावं लागतं, कारण आपल्याकडे अजून कुऱ्हाडीने झाडं तोडतात. युरोपात एक माणूस मशीनवर बसून दिवसाला शेकडो झाडं पाडतो. आपण मात्र जंगलाचं काम गावकऱ्यांच्या सोसायट्यांना दिलं आणि आता वनहक्काच्या नावाखाली जंगलच त्यांना देऊन टाकलं. ते लोक ते तोडून विकतात. कंपन्यांना द्या, मशीन आणा, गावाला बाहेर ठेवा. जंगलही वाढेल, लाकूडही.”

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातलं. मामा जंगल कामगार सोसायटीच्या कूपावर, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, बावीस वर्षं करवत ओढत होता. म्हणून भाच्याला फोनवर दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

“कुऱ्हाडीमुळे लाकूड वाया जातं आणि महाग होतं.”

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. कुऱ्हाडीने झाड पाडायचं तर खोडाला चांगली रुंद खाच घ्यावी लागते आणि तेवढं लाकूड ढलप्यांत जातं. शिवाय वाकून घाव घालणं अवघड, म्हणून माणूस सोयीच्या उंचीवर तोडतो आणि खुंट उंच राहतो. हिशेब करून बघा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या सागाचा खुंट १५ सेंटिमीटर जास्त उंच ठेवला, तर झाडामागे जवळपास ०.०१९ घनमीटर लाकूड जमिनीत राहतं. शंभर झाडांमागे पावणेदोन-दोन घनमीटर, आणि तेही बुंध्याचं, म्हणजे सगळ्यात जाड.

पण यावरचा इलाज जुना आहे आणि साधा आहे: दोघांनी ओढायची करवत. मामा सांगायचा, ‘करवत ओढायची असते, ढकलायची नाही. समोरच्याने ओढली की आपण हात सैल सोडायचा.’ ढकललं की पातं वाकतं आणि अडकतं. आधी झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला तोंड, म्हणजे खाच, घ्यायचं, मग मागून थोडं वर करवत लावायची, मधे लाकडाची एक पट्टी न कापता ठेवायची आणि पाचर ठोकायची. ती पट्टी बिजागरीसारखी वळते आणि झाड ठरवलेल्या जागी पडतं. पट्टी चुकली की खोड उभं चिरतं, नाहीतर शेजारची तीन कोवळी झाडं घेऊन खाली येतं. रोज संध्याकाळी मामा ओसरीवर बसून कानशीने दात घासायचा आणि एक आड एक दात डावी-उजवीकडे वाकवायचा. दुसऱ्या दिवशीचं अर्धं काम तिथेच व्हायचं. पेट्रोलवरची चेन करवत आता जंगलात सगळीकडे आहे आणि असावीही. पण तोंड, पट्टी, पाचर हे तिलाही चुकत नाही. कसब नसलेल्या हातात ती कुऱ्हाडीपेक्षा जास्त नुकसान करते, आणि हात-पाय घालवते ते वेगळंच.

म्हणजे प्रश्न हत्याराचा आणि शिकवणीचा आहे. गाव त्यात आड येत नाही.

आता दुसरा अर्धा भाग, महागाईचा. झाड पाडायला लागणारा वेळ हा सगळ्या वेळेतला अगदी लहान तुकडा असतो. मामाच्या बांधावर अकरा साग होते. मामीच्या आजारपणात ते विकायचे ठरले. सातबारा, हद्दीची मोजणी, झाडांची यादी, पाहणी, परवानगी, तोड, मापं, हातोड्याचा शिक्का, वाहतुकीचा पास, मग विक्री. या सगळ्यातली तोड दोन माणसांनी एका करवतीने दीड दिवसात उरकली. त्यानंतर लाकूड दोन पावसाळे बांधावर पडून होतं, कारण कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाऊन परत येत होता. सागाचा गाभा टिकला, पण बाहेरचा पांढरा भाग वाळवीने खाल्ला, आणि मापात घट आली ती मामाच्या पदरात. मामीचं औषधपाणी तोवर सावकाराच्या पैशावर झालं होतं. दीड दिवसाची तोड मशीनने दीड तासात केली असती, तर मामाला काय फरक पडला असता?

(ही पद्धत मुळात आदिवासींच्या भल्यासाठीच आली. एकेकाळी व्यापारी बांधावरचे साग कवडीमोलाने उचलून न्यायचे. ते थांबावं म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्ये अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडविक्रीचा वेगळा कायदा केला आणि विक्री वनखात्यामार्फत आणली. हेतूबद्दल माझी तक्रार नाही, पण उशीर माणसाला पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात नेऊन उभा करतो.)

“बाहेरून लाकूड आणावं लागतं ते जुन्या पद्धतीमुळे.”

नाही. जंगलातून लाकूड कमी निघतं, कारण आपण जाणूनबुजून तसं ठरवलं आहे. १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८८ चं राष्ट्रीय वनधोरण आणि १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश या तीन गोष्टी बघा. त्या आदेशाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे कुठे, कधी, किती तोडायचं याच्या आराखड्याशिवाय, जंगलातली तोड थांबवली आणि विनापरवाना आरागिरण्या बंद करायला लावल्या. तुमच्याकडे जगातलं सगळ्यात वेगवान मशीन असलं, तरी कार्य आयोजनेत त्या वर्षी जे कूप नाही, तिथे एक झाडही पाडता येत नाही. आणि हे योग्यच आहे.

मग देशाचं लाकूड येतं कुठून? शेतातून. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात जंगलातून मिळणारं लाकूड वर्षाला सुमारे ३.२ दशलक्ष घनमीटर धरलं आहे, आणि जंगलाबाहेरच्या झाडांतून, म्हणजे बांध, शेत, रस्त्याकडेची झाडं यांतून, मिळू शकणारं सुमारे ४२.८ दशलक्ष. तेरापटीहून जास्त. हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूड धंदा शेतकऱ्यांच्या पॉपलर आणि निलगिरीच्या झाडांवर उभा आहे. लाकूड वाढवायचं असेल, तर बांधावरचा साग विकणाऱ्याचा कागद लवकर हलवा. मशीनवाल्या मेसेजमध्ये हा शेतकरी कुठेच नाही.

“युरोपातलं मशीन इथे आणा.”

ते मशीन खोडाला पकडतं, कापतं आणि त्याच पकडीतून खोड सरकवत फांद्या सोलून काढतं. सरळसोट, एका वयाच्या, सूचिपर्णी झाडांच्या लागवडीसाठी ते बनवलं आहे. आमच्याकडच्या डोंगरावर साग, ऐन, धावडा, खैर एकमेकांत मिसळून उभे, निम्मे वाकडे, फांद्या अंगाखांद्यावर. पेठ-सुरगाण्याचे उतार ज्याने पायी चढले आहेत त्याला अवजड यंत्राचं तिथे काय होईल हे सांगावं लागणार नाही. त्याच्या चाकांनी दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, आणि आमच्याकडे जूनमध्ये जो पाऊस कोसळतो तो ती चाकोरी धरून माती खाली घेऊन जातो. नार, पार, दमणगंगा याच डोंगरांतून निघतात.

“कंपन्यांना द्या.”

१९८८ च्या धोरणाने हा विषय संपवला आहे. उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून पिकवून घ्यावा, नैसर्गिक जंगल त्यासाठी मिळणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. जंगल हा महसुलाचा धंदा नाही हेही.

“सोसायट्यांनी वाट लावली.”

सोसायट्यांच्या आधी काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्याने विचारलंच नाही. आधी ठेकेदार होते. इंग्रजांनी १८६४ मध्ये वनखातं उभं केलं, १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आखली, आणि कूप लिलावाने ठेकेदाराला जाऊ लागले. कसारा घाटातून रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत आली, मग लाकूड बाहेर नेणं सोपं झालं. ज्यांच्या वाडवडिलांचं रान, ते ठेकेदाराच्या उचलीवर वेठीला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याच्या अहवालाने हे सरकारदरबारी मांडलं. पुढे बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. ठाणे, नाशिक, धुळे या पट्ट्यात त्या रुजल्या. तोडणाऱ्यालाच कूप मिळालं, ही साधी गोष्ट नव्हती.

त्यातल्या कित्येक पुढे नावालाच उरल्या आणि सह्या करणारे आदिवासी, पैसा फिरवणारे जुनेच लोक असं झालं. हे मी घरातून पाहिलं आहे आणि ते झाकणार नाही. पण ठेकेदार मागच्या दाराने घुसला म्हणून त्याला पुढचं दार उघडून द्यायचं, हा कुठला न्याय?

“वनहक्क मिळाला की ते जंगल तोडून विकतात.”

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला. ६ तारखेला निघाला, १२ तारखेला आझाद मैदानावर पोचला. माझ्या माहेरची चार माणसं त्यात होती. त्यांच्या मागण्यांत वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही मोठी मागणी होती, आणि तेव्हापासून ‘जंगल मागतात’ हा आरोप जास्तच ऐकू येतो. म्हणून कायदा काय म्हणतो ते वाचू.

२००६ चा हा कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, कसणाऱ्याच्या नावावर करतो. ती वारसाने जाते, पण विकता येत नाही. सामूहिक हक्कात गावाला गौण वनोपज मिळतं: बांबू, तेंदू, मोह, हिरडा, मध. इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही. म्हणजे ‘हक्काने साग तोडून विकतात’ हे कायद्यातच बसत नाही. कोणी तोडत असेल तर ती चोरी आहे, आणि ती रोखण्याचा अधिकार व जबाबदारी याच कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेलाही दिली आहे.

गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या गावावर पास लिहिण्याचा भरवसा टाकला, त्याने जंगल संपवलं नाही. बांबू तोडायची पद्धत जाणणाऱ्याला माहीत असतं: वर्षाचा कोवळा कोंब तोडायचा नाही, बेटाच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी वाट करून जून काठ्या काढायच्या, बाहेरची कड राखायची. टनावर मजुरी मिळणारा बाहेरचा माणूस मात्र हाताला येईल ती कड आधी तोडतो, कारण पुढच्या वर्षी तो तिथे नसतो.

“गावाला बाहेर ठेवलं की जंगल वाढतं.”

सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, आणि भाच्याला मी यावरच जास्त वेळ सांगितलं.

सागाची तोड म्हणजे शेवट नसतो. थंडीत, झाड सुस्त असताना, जमिनीलगत, साल न फाटू देता, पाणी साचू नये म्हणून किंचित उतरता काप घेतला, तर पावसाला खुंटातून धुमारे फुटतात. सात-आठ फुटतात, त्यातले एकदोन राखायचे. ही दोन-तीन वर्षं नाजूक. एक वणवा, एक शेळ्यांचा कळप, आणि संपलं. ते कोण राखणार? एका वनरक्षकाकडे कित्येक चौरस किलोमीटर रान असतं. वणवा दुपारी दोनला लागला तर तिथे आधी पोचतो तो पाड्यावरचाच माणूस, जर त्याला पोचावंसं वाटलं तर.

पश्चिम बंगालमधल्या अराबारीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी हेच ओळखलं. साल वृक्षांचं जंगल खुरटून गेलं होतं. त्यांनी अकरा गावांतल्या ६१८ कुटुंबांना सांगितलं, १,२७२ हेक्टर तुम्ही राखा, तोडीच्या वेळी उत्पन्नातला २५ टक्के वाटा तुमचा. खुंट तेच, पाऊस तोच. राखणदार बदलला आणि जंगल उभं राहिलं. १ जून १९९० ला केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचं परिपत्रक काढलं, त्यामागे हा अनुभव होता.

आमच्याकडे राबासाठी फांद्या छाटतात, नागलीच्या रोपासाठी जाळतात, त्याने झाडं खुरटतात, हेही खरं. पण त्यावर बोलायचं कोणाशी? ज्याला रानातून हाकलून दिलं त्याच्याशी बोलता येत नाही.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मामा मला त्याच्या जुन्या कूपाकडे घेऊन गेला. आता त्याला चढ झेपत नाही, दोनदा बसला. एका सागाशी थांबून त्याने पायाने पाला बाजूला केला. खाली जुना खुंट होता, कुजून पोकळ झालेला, आणि त्याच्या कडेतून वर गेलेलं खोड माझ्या कवेत मावत नव्हतं. ‘हा मी कापलेला,’ म्हणाला. ‘दुसरा धुमारा मीच छाटला. दोन उन्हाळे तुझी मामी इकडे शेरडं येऊ देत नव्हती.’

भाच्याला त्या खोडाचा फोटो पाठवला आहे.