‘भांडण मिटवूनच झोपा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

नवरा-बायकोच्या नात्यावरचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्यात चार सल्ले असतात: भांडण मिटवल्याशिवाय झोपू नका, मनात न साचवता त्याच क्षणी बोलून मोकळे व्हा, खरं प्रेम असेल तर न सांगता कळतं, आणि घरकाम निम्मं-निम्मं वाटा, कटकट संपेल. चारही ऐकायला गोड आहेत. पण रोजच्या दगदगीने आधीच थकलेली जोडपी ते तंतोतंत पाळायला जातात तेव्हा ताण वाढतो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘भांडण मिटवूनच झोपा.’ यामागची भीती खरी आहे. अबोल्यात काढलेली रात्र फार लांब असते. पण थकलेला मेंदू रागाला आवर घालण्यात कच्चा पडतो आणि साध्या वाक्यातही टोमणा ऐकतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांनी जोडप्यांची झोप आणि भांडणं यांचा संबंध तपासला. झोप नीट न झालेल्या रात्रीनंतर खटके जास्त उडत होते आणि दोघांचीही झोप चांगली झाली असेल तेव्हाच मतभेद सर्वांत बरे सुटत होते. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत ताणलेला वाद आजचा मिटत नाहीच, वर उद्याच्या वादाची तयारी करून ठेवतो.

वाद मिटवायचा नाही, थांबवायचा, आणि तोही तोंडाने सांगून: ‘हे संपलेलं नाही. उद्या संध्याकाळी सात वाजता बोलू. आत्ता झोपू या.’ यातली वेळ महत्त्वाची. ‘नंतर बघू’ म्हटलं की समोरच्याला ते ‘विषय बंद’ असं ऐकू येतं आणि तो अंधारातही बोलतच राहतो. पुढची वेळ चोवीस तासांच्या आत असावी, आणि ज्याने थांबायला सांगितलं त्यानेच विषय पुन्हा काढावा. हे दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा कोणी थांबायला तयार होत नाही.

‘त्याच क्षणी बोलून मोकळे व्हा.’ सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. राग बाहेर काढला की निवतो ही समजूत जुनी आहे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली ती प्रयोगातून तपासली. राग आणणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, उलट ते जास्त आक्रमक झाले. त्या मानाने काहीच न करता नुसते बसलेले लोक बरे राहिले.

जोडप्यांवर अनेक दशकं काम केलेले जॉन गॉटमन नाडीकडे लक्ष द्यायला सांगतात. वाद चालू असताना ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणूस ऐकू शकत नाही, तो फक्त बचाव करतो किंवा हल्ला. पंधरा सेकंद नाडी मोजा. पंचवीसच्या वर भरली तर थांबा, आणि किमान वीस मिनिटं थांबा, कारण शरीर त्याआधी पूर्वपदावर येत नाही. विश्रांती फसते ती इथे: माणूस दुसऱ्या खोलीत जातो आणि मनातल्या मनात तेच भांडण जिंकत बसतो, किंवा मोबाईलवर लांबलचक संदेश लिहितो. अशाने तासाभरानंतरही नाडी तशीच धावत राहते. त्या वेळात चाला, अंघोळ करा, कपड्यांच्या घड्या घाला.

परतल्यावर पहिलं वाक्य ‘तू नेहमी’ने सुरू करू नका. ‘तुला काही पर्वाच नाही’ याऐवजी ‘काल तू उशिरा येणार हे कळवलं नाहीस, मी दोन तास काळजीत होते. पुढच्या वेळी एक फोन कर.’ घटना, आपली अवस्था, मागणी: बस, एवढंच.

हे सगळं ताण असलेल्या नात्यासाठी आहे. जिथे मारहाण, धमकी किंवा जोडीदाराची भीती आहे, तिथे संवादाच्या युक्त्या वापरत बसू नका. तिथे आधी सुरक्षितता आणि बाहेरची मदत.

‘न सांगता कळतं.’ कळत नाही. रेना रेपेटी यांनी विमान वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला, तेव्हा कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी ते घरी अधिक अलिप्त राहत असं दिसलं. जोडीदाराला ती अलिप्तता स्वतःवरची नाराजी वाटली तर नवल नाही. दारातून आत येताच ‘आज डोकं भणभणलंय, तुझ्यावर राग नाही, अर्धा तास दे’ एवढं म्हणा. अर्धी भांडणं जन्मालाच येत नाहीत.

झुरिचचे मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान यांच्या प्रशिक्षणात बोलण्याचाही क्रम ठरलेला असतो. आधी एकाने आपल्या दिवसाचा ताण सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचं आणि ‘यातलं नेमकं काय लागलं?’ असं विचारत राहायचं. आधार द्यायचा तो त्यानंतर. शेवटी त्याचा किती उपयोग झाला, हे ताण सांगणाऱ्याने सांगायचं. बहुतेक जण दुसऱ्याच मिनिटाला ‘मग तू साहेबांना सरळ सांग ना’ म्हणतात आणि बोलणं तिथेच अडतं. शंका असेल तर आधीच विचारा: ‘उपाय हवाय की नुसतं ऐकू?’

‘निम्मं-निम्मं वाटा.’ वाटणी हवीच, पण मोजणार कोण? 1979 मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोला आपापला वाटा विचारला, तर बहुतेक कामांत दोघांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. स्वतःचं काम आठवतं, दुसऱ्याचं दिसतही नाही. म्हणून कामाचा तुकडा देऊ नका, अख्खं काम द्या. मुलाचं लसीकरण घेतलं तर तारीख लक्षात ठेवणं, वेळ ठरवणं, रजा काढणं, नेऊन आणणं आणि रात्री ताप आला तर बघणं हे सगळं त्यात आलं. ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ या वाक्यात काम करायची तयारी असते, पण ते लक्षात ठेवण्याचं ओझं दुसऱ्याच्याच डोक्यावर राहतं. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं यादी समोर घेऊन बसा आणि न झेपणारं काम अदलाबदल करा. फक्त ती बैठक झोपायच्या वेळी ठेवू नका.