फाइल मागून उघडणारी सिस्टर

परवा नात्यातल्या लग्नात एका काकूंनी विचारलं, "नर्सिंगचं जीएनएम केलंस, अकरा वर्षं आयसीयूत काढलीस, आणि आता कॉम्प्युटरपुढे बसतेस? शिक्षण वायाच गेलं की गं." मायेनेच विचारलं त्यांनी. पण हाच प्रश्न ऐकून ऐकून माझ्या ओळखीच्या कितीतरी सिस्टर कंबर मोडेपर्यंत नाइट करत राहिल्यात. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी आता टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेत, आरोग्य विम्याचे दावे तपासते. हॉस्पिटलकडून कॅशलेसचा, म्हणजे बिल थेट विम्यातून भरण्याचा, अर्ज आला की केसपेपर, रिपोर्ट, बिलं बघून आमच्या डॉक्टरांपुढे टिपण ठेवायचं, हे माझं काम. वॉर्ड सोडला तो पेशंटचा कंटाळा आला म्हणून नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक सिस्टर हवी. मी रात्री-रात्री तिघांना सांभाळलंय. शेवटी मणक्याने ऐकायचं सोडलं.

सुरुवातीचे चार महिने एकही फोन आला नाही. रेझ्युमेत लिहिलं होतं, "स्टाफ नर्स, आयसीयू, ११ वर्षे." खाली कुठल्याशा वेबिनारमध्ये सांगितलेले शब्द जोडले होते: कम्युनिकेशन, टीमवर्क, लीडरशिप. माझं स्पष्ट मत आहे, या शब्दांनी कुणाचंही भलं होत नाही. ते सगळेच लिहितात, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

आधीच या क्षेत्रात गेलेली एक मैत्रीण म्हणाली, "पद खोड. एका ड्युटीत काय काय करतेस ते लिही." रात्री जेवणं उरकून बसले आणि लिहीत गेले. दर तासाला नाडी, बीपी, ऑक्सिजनची नोंद. औषधाचा डोस ऑर्डरशी ताडून बघणं. पेशंटच्या शरीरात किती पाणी-सलाइन गेलं, किती बाहेर आलं याचा हिशोब. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला दहा मिनिटांत संपूर्ण पेशंट समजावणं. चार पानं भरली. मला जे 'त्यात काय एवढं' वाटायचं, ते सगळं त्या चार पानांत होतं.

मुलाखतीत एक जाडजूड फाइल पुढे ठेवली, म्हणाले, बघा. मी ती मागून उघडली. समोरच्या डॉक्टरांनी विचारलं, मागून का? म्हटलं, सर, पुढे डिस्चार्ज कार्ड असतं, ते शेवटी लिहितात. पेशंटचं खरोखर काय चाललं होतं ते सिस्टरच्या नोंदींत सापडतं.

त्या फाइलीत तापाचा पेशंट होता. पाच दिवसांचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वासाच्या नोंदींचा तक्ता, एकाच पेनने, एकाच दाबाने भरलेला. पहाटे तीनचा आकडा दुपारी तीनइतकाच सुबक. जिने नाइट केलीय तिला हे सांगावं लागत नाही. तो चार्ट एका बैठकीत भरलेला होता.

आणि उलटही होतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. मागच्या पावसाळ्यात न्यूमोनियाचा एक दावा 'नुसतं निरीक्षणासाठी ॲडमिशन' म्हणून नाकारला जाण्याच्या बेतात होता. डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी होत्या. मागच्या पानावर रात्री अडीचची नोंद सापडली: ऑक्सिजन ८६, मास्क लावला, डॉक्टरांना कळवलं. मग पाच-पाच मिनिटांच्या नोंदी, अक्षर तिरपं, एक आकडा खोडून पुन्हा लिहिलेला. खऱ्या रात्रीचं अक्षर असंच असतं. मी ते पान वर लावून दिलं आणि दावा मंजूर झाला. कुठल्या तरी वॉर्डातल्या त्या सिस्टरला कधी कळणारही नाही की तिच्या घाईतल्या पाच ओळींनी एका घराचे पैसे वाचवले.

वेगाचंही तसंच. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढलं: कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. पुष्कळांची तारांबळ उडते. पण आधी कुठला पेशंट बघायचा हे ज्या डोक्याने अकरा वर्षं ठरवलं, त्याला आधी कुठली फाइल उघडायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सगळंच काही सोबत आलं नाही, हेही सांगते. एक्सेल शून्य होतं. पॉलिसीची भाषा नवी होती. पाच हजारांची मर्यादा असताना आठ हजारांची खोली घेतली, तर काही पॉलिसींत नुसतं खोलीभाडं नाही, बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. हे अंगवळणी पडायला तीन महिने गेले. पगार आधी कमी झाला, नाइटचा भत्ता गेला. आणि मला फ्रेशर धरलं, ते आजही पटत नाही. ज्या नजरेसाठी मला घेतलं, ती त्या अकरा वर्षांतच तयार झाली होती. मग ती वर्षं अनुभवात का धरायची नाहीत? आता आमच्याकडे सिस्टरची भरती असते तेव्हा मी हे दर वेळी बोलते.

कुणा सिस्टरला, लॅबवाल्या ताईला, फार्मसीतल्या दादाला इकडे यायचं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. रेझ्युमे नंतर पाठवा. आधी कालच्या ड्युटीत सकाळपासून हाताने काय काय केलंत, ते कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा. मराठीत लिहिलं तरी चालेल, बाकीचं आपण बसून करू.