डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही

पावसाळ्यानंतर पुस्तकांना कडक ऊन दाखवा आणि कपाटात डांबरगोळ्या टाका, हा पुस्तकं जपण्यावरच्या एका लेखातला सल्ला पटला नाही. उन्हाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यापेक्षा पंख्याखाली पानं उलगडून पुस्तक उभं ठेवा. बुरशी दमटपणामुळे येते, त्यावर डांबरगोळीचा काडीचा उपयोग नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं कोंबू नका. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार पानांवर पाणी सुटतं. आणि फाटक्या पानाला सेलोटेप? मुळीच नको. त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. मैद्याची पातळ खळ आणि झिरझिरीत कागदाची पट्टी पुरते.