अंशात अंश, छेदात छेद मिळवून 'मधोमध' सापडत नाही

अपूर्णांकांच्या 'शॉर्टकट'चा एक संदेश पुन्हा हातोहात फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: दोन अपूर्णांकांच्या मधोमधचा अपूर्णांक हवा असेल तर अंशांची बेरीज वर लिहा, छेदांची बेरीज खाली. हेच पुन्हा पुन्हा करा, समान अंतरावरचे हवे तितके अपूर्णांक मिळतील. छेद एकसारखे वाढत असतील तर अपूर्णांक समान अंतरावर आहेत हे नजरेनंच ओळखा. चार अपूर्णांक मध्ये बसवायचे तर अंतराला चारानं भागा. आणि श्रेढीच्या, म्हणजे समान फरकानं वाढत जाणाऱ्या संख्यांच्या, बेरजेचं सूत्र पूर्णांकांपुरतंच असतं, अपूर्णांक आले की एकेक पद मिळवत बसावं लागतं.

ही पाचही विधानं चूक आहेत. मी गणित शिकवतो. यातलं पहिलं विधान मुलांच्या वहीत इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याच्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त नुकसान करतं.

'अंशात अंश, छेदात छेद मिळवले की मधोमधचा अपूर्णांक मिळतो.' मिळतो तो मधला, मधोमधचा नव्हे. १/२ आणि ३/४ घ्या. शॉर्टकटनं ४/६ येतात, म्हणजे २/३. खरा मध्य काढायचा तर दोन्हींची बेरीज ५/४, तिचं अर्धं ५/८. छेद २४ करून पाहा: एक उत्तर १६/२४, दुसरं १५/२४. आता गंमत म्हणून १/२ च्या जागी २/४ लिहा. संख्या तीच आहे, संख्यारेषेवरची जागाही तीच. पण शॉर्टकट आता ५/८ हे उत्तर देतो! संख्या न बदलता फक्त लिहिण्याची पद्धत बदलली आणि उत्तर बदललं. अशी रीत दोन संख्यांमधलं अंतर मोजत नाही, हे इथेच उघड होतं.

मग ती करते काय? मोठ्या छेदाला जास्त वजन देते. उत्तर मोठ्या छेदाच्या अपूर्णांकाकडे झुकतं, आणि किती झुकतं तेही ठरलेलं असतं: दोन्ही टोकांपासूनची अंतरं छेदांच्या उलट प्रमाणात. वरच्या उदाहरणात २/३ हा १/२ पासून १/६ वर आहे आणि ३/४ पासून १/१२ वर. छेद २ आणि ४, अंतरं दोनास एक. दोन वेगळ्या अपूर्णांकांचे छेद समान असतील तरच वजनं सारखी होतात आणि उत्तर मधोमध पडतं. छेद वेगळे असतील तर कधीच नाही.

परीक्षेत हे कसं अंगाशी येतं ते पाहा. संख्यारेषेवर समान अंतरावर खुणा केल्या आहेत. तिसरी खूण १/३ आणि अकरावी ३/५. सातवी कोणती? तिसरी ते अकरावी यांत आठ घरं. अंतर ३/५ वजा १/३, म्हणजे ४/१५. एका घराला १/३०. तिसरी खूण १०/३०, म्हणून सातवी १४/३०, म्हणजे ७/१५. शॉर्टकटवाला मुलगा म्हणतो: सातवी मधोमध आहे, तेव्हा एक अधिक तीन वर, तीन अधिक पाच खाली, ४/८, उत्तर १/२. आणि १/२ ही या रेषेवरची खरीच एक खूण आहे! फक्त ती आठवी आहे. छेद ३ आणि ५ असल्यामुळे आठ घरांपैकी पाच घरं एका बाजूला गेली आणि तीन दुसऱ्या बाजूला. उत्तर एखाद्या खुणेवर नेमकं बसलं की मुलाला शंकाच येत नाही. बहुपर्यायी प्रश्नात १/२ हा पर्याय दिलेला असेल तर तो डोळे झाकून तिथे खूण करतो. त्याच रेषेवरची पहिली खूण विचारली तर शॉर्टकटकडे सांगण्यासारखं काहीच नाही. एका घराचं अंतर हाताशी असेल तर दोन घरं मागे यायचं: ८/३०, म्हणजे ४/१५.

या बेरजेचं खरं काम वेगळं आहे. एका फेरीत २ पैकी १ नेम लागला, दुसऱ्या फेरीत ४ पैकी ३, तर एकूण ६ पैकी ४ लागले. तिथे ती अगदी योग्य आहे.

'हेच पुन्हा पुन्हा केलं की समान अंतरावरचे अपूर्णांक मिळतात.' ०/१ आणि १/१ पासून सुरुवात करा. पहिल्यांदा १/२ मिळतो. मग १/३ आणि २/३. आणखी एकदा टोकांना तेच केलं की १/४ आणि ३/४. क्रमानं ०, १/४, १/३, १/२, २/३, ३/४, १. अंतरं मोजा: १/४, १/१२, १/६, १/६, १/१२, १/४. ही यादी गणितात प्रसिद्ध आहे. छेद ठरावीक मर्यादेत ठेवून ० ते १ मधले सगळे अपूर्णांक चढत्या क्रमानं मांडले की मधला प्रत्येक अपूर्णांक त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या अंश-छेदांच्या बेरजेतून मिळतो. हे फ्रान्समधल्या हारोस यांनी १८०२ मध्ये दाखवलं आणि इंग्लंडमधल्या जॉन फॅरी यांनी १८१६ मध्ये पुन्हा नोंदवलं. गुणधर्म सुंदर आहे. पण अंतरं समान असतात असा दावा त्यात कुठेच नाही.

'छेद एकसारखे वाढले की अपूर्णांक समान अंतरावर.' १/२, १/३, १/४. पहिलं अंतर १/६, दुसरं १/१२. निम्म्यावर आलं. समान अंतरावर आहेत ते या संख्यांचे व्यस्त, म्हणजे २, ३, ४. आणि उलट बाजूनं पाहा: १/६, १/३, १/२ हे कुठल्याच क्रमाचे वाटत नाहीत, पण छेद ६ केला की १/६, २/६, ३/६, पक्की अंकगणिती श्रेढी. संक्षिप्त रूप देताना छेद वेगवेगळे होतात आणि श्रेढी डोळ्यांआड जाते. म्हणून नजरेवर विसंबू नका. लसावि काढून छेद समान करा आणि फक्त अंश वाचा.

'चार बसवायचे तर चारानं भागा.' १/४ आणि २/३ यांच्यामध्ये समान अंतरावर चार अपूर्णांक हवेत. अंतर ५/१२. चारानं भागलं तर ५/४८ येतात, आणि १/४ पासून ती पावलं टाकत गेलं की चौथं पाऊल ३२/४८ वर, म्हणजे थेट २/३ वरच पडतं. मधले हवे होते चार, मिळाले तीन. चार खुंट्या मध्ये आल्या की घरं पाच होतात. ५/१२ चे पाच भाग केले की सामान्य फरक १/१२: ३/१२, ४/१२, ५/१२, ६/१२, ७/१२, ८/१२. मधले चार म्हणजे १/३, ५/१२, १/२, ७/१२. माझा मुलांना आग्रह असतो की भागण्याआधी घरं बोट ठेवून मोजा. वेळ जात नाही, आणि अशा प्रश्नांत गेलेले गुण बहुधा इथेच गेलेले असतात.

'बेरजेचं सूत्र अपूर्णांकांना लागू नाही.' आत्ताचीच सहा पदं घ्या. पहिलं आणि शेवटचं मिळून ११/१२, पदांची संख्या ६, तिचं अर्धं ३. गुणाकार ३३/१२, म्हणजे ११/४. अंश एकेक मिळवून पाहा: ३, ४, ५, ६, ७, ८ यांची बेरीज ३३. सूत्राला फक्त फरक समान असणं लागतं, तो फरक पूर्णांक असण्याची अट नाही. आद्य आणि अंत्य पद मिळवून पदसंख्येच्या अर्ध्यानं गुणा, ही रीत आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये श्लोकात बांधून ठेवली.

अपूर्णांक फरकाची गणितं तर याहून कितीतरी जुनी आहेत. इ.स.पूर्व १५५० च्या सुमारास इजिप्तमध्ये अहमोस नावाच्या लेखनिकानं उतरवलेल्या पपायरसात ६४ वा प्रश्न असा आहे: १० हेकात (हेकात हे धान्याचं माप) जव १० माणसांना असे वाटा की प्रत्येकाच्या आणि शेजाऱ्याच्या वाट्यात १/८ हेकातचा फरक राहील. तिथली रीत सरासरीपासून निघते. सरासरी वाटा १. माणसं १०, म्हणून त्यांच्यामधली घरं ९. १/८ चं अर्धं १/१६, त्याची नऊपट ९/१६. ती सरासरीत मिळवली की सर्वांत मोठा वाटा १ पूर्णांक ९/१६. तिथून १/८ नं उतरत गेलं की सर्वांत लहान वाटा ७/१६. ही दोन टोकं मिळून २ होतात, त्यांच्या आतली जोडीही २, अशा पाच जोड्या, आणि एकूण बरोबर १०.