देवाचं छत्र, आपल्या अटींवर

देवाच्या आज्ञेत राहाल तर देव राखतो, असं कीर्तनकार सांगतात. त्यांचं काय जातंय? सप्ताह संपला, काल्याचा प्रसाद वाटला की बुवा पुढच्या गावाला. तुम्हाला मात्र इथंच, कृष्णाकाठच्या याच काळ्या रानात आणि याच भावकीत दिवस काढायचेत. म्हणून आज्ञा पाळा जरूर, पण निवडून.

सुरुवात गुरुवारपासून करा. औदुंबर पलूस तालुक्यातच आहे, तेव्हा दत्तगुरूंचा वार मोडणं बरं दिसत नाही. त्या दिवशी मटण नको. श्रावण तर अख्खा पाळा. त्याची भरपाई आषाढ अमावस्येला आगाऊ करून ठेवण्याची सोय पूर्वजांनी लावून दिलेलीच आहे. या आज्ञा पाळल्याचं चारचौघांत दिसतं आणि रुपयाची तोशीस पडत नाही. दुसऱ्याचं घेऊ नये, खोटी साक्ष देऊ नये, मापात मारू नये, असल्या खर्चिक आज्ञा साठीनंतर बघू. तेव्हा पंढरपूरला जाऊन माळ घालावी. साक्षीच्या दिवशी ती तेवढी खुंटीला अडकवली की झालं.

आता बांधाचं. दर नांगरटीला बांध वीतभर कोरावा. वीतभर म्हणजे काही पाप नव्हे. वीस वर्षांनी त्या बांधाचा वरंबा झाला तर ती काळाची करणी. शेजाऱ्यानं सरकारी मोजणी आणलीच, तर आदल्या संध्याकाळी रानात पाच नारळ फोडा. मोजणीवाल्यांच्या यंत्राला देव दिसत नाही, पण देवाला यंत्र दिसतं, आणि आपली बाजू त्याच्या कानावर आधी गेलेली बरी.

बहिणीच्या बाबतीत जास्त भक्तिभाव लागतो. २००५ सालच्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा दिला. पण तो झाला दिल्लीचा कायदा. देवाचा कायदा काय, तर बहीणभावाची माया. म्हणून भाऊबीजेला गाडी पाठवून तिला आणावी, ताटात भारीतली साडी ठेवावी आणि सरकारी सुट्टी संपली की त्याच गाडीतून तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न्यावं. "आक्का, सगळं तुजंच हाय की. कागद तेवढा माज्या नावावर ऱ्हाऊ दे." आक्काला सगळं कळतं. माहेरची वाट बंद होईल या भीतीनं ती हक्कसोडपत्रावर सही करते. मग त्या रानाच्या पहिल्या उसाच्या बिलातून देवळाला संगमरवरी फरशी द्यावी, वर नाव कोरावं. आईचंच कोरावं, म्हणजे आक्कालाही दर्शनाला आल्यावर बरं वाटेल.

उसाच्या काट्यावर दुसऱ्यानं आपल्याला मारलं, तर मात्र "देव कुठं गेला?" असं मोठ्यानं विचारावं. काटामारी हे महापाप आहे. बांध कोरणं ही शेतीची मशागत आहे. हा भेद ज्याला कळला त्याला अध्यात्म कळलं.

राहता राहिली कृष्णामाई. सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं: १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर चढेल, ती निळी रेषा सरकारनं नकाशावर आखलेली आहे. तिच्या आत घरं बांधू नयेत, नदीचं नदीला ठेवावं, एवढंच सांगणं. हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते आधी विचारा. नाही ना? मग दहा डंपर मुरूम टाका, प्लॉट पाडा, वास्तुशांत करा, चौकटीवर गणपती बसवा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा असे कैक गणपती नाकापर्यंत बुडाले होते. पण ती त्यांची परीक्षा होती, आपली नव्हे. पाणी पायरीला लागलं की नदीची खणानारळानं ओटी भरावी. जमीन घेऊन साडी देण्याची रीत बहिणीला लागू पडते, तशी नदीलाही पडते. फरक इतकाच की नदीकडून सही घेता येत नाही.

एका माणसापासून तेवढं जपून राहा. तो बहुतेक गावात एखादा असतोच. बांधापासून हातभर आतच औत वळवतो. वाटणीत बहिणीचा तुकडा तिच्या नावावर करून मोकळा झालेला. घर गावठाणातल्या उंच अंगाला, जुनंच. त्याच्यावर दावा नाही, त्याचा कुणावर नाही. तलाठी दारात आला तरी चहा पिऊन जातो. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून घोरतो. असल्या माणसाचा देवाला उपयोग काय, सांगा? ना नवस, ना शांत, ना अभिषेकाची पावती! साऱ्या तालुक्यानं त्याचं ऐकलं तर देवस्थानांनी दिवाबत्ती कशावर करायची आणि वकिलांनी पोरं कशी शिकवायची?

तुम्ही आपला रस्ता सोडू नका. गाडीच्या मागच्या काचेवर 'श्री गुरुदेव दत्त' लिहून घ्या, तारखेच्या दिवशी कपाळाला अंगारा लावा आणि उजवा पाय आधी टाकून कोर्टात शिरा. आत बाकड्यावर भाऊबंदही तोच अंगारा लावून बसलेला दिसला, तर मात्र देवावर विसंबू नका. वकील बदला.