सगळी औषधे संडासात टाकायला सांगितले कोणी?

‘मुदत संपलेली सर्व औषधे संडासात टाकून पाणी सोडा, हे सरकारनेच सांगितले आहे, पाण्यात विरघळली की त्यांचा उपद्रव संपतो, कचऱ्यात टाकली तर मात्र ती पुन्हा बाजारात येतात,’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातले पहिले विधान अर्धवट आहे, दुसरे साफ चूक आहे आणि तिसऱ्यात थोडे तथ्य आहे.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत संडासात टाकण्यासाठी मोजून 17 औषधांची यादी दिली आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडोल, डायझेपाम अशा या औषधांचा नशेसाठी गैरवापर होतो आणि त्यांतली काही लहान मुलाच्या हाती लागली तर एक मात्राही जिवावर बेतू शकते, म्हणून नको झालेली ही औषधे घरात पडून राहू नयेत, एवढाच त्या अपवादामागचा हेतू आहे. पॅरासिटामॉल, रक्तदाबाच्या गोळ्या, उरलेली अँटिबायोटिक्स त्या यादीत नाहीत. संदेश पुढे ढकलताना कोणीतरी ‘17’ हा आकडा गाळला आणि अपवादाचा नियम झाला.

विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे; मीठ विरघळले तरी आमटी खारट लागतेच. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गाळ खाली बसवतात आणि सेंद्रिय घाण जिवाणूंकडून संपवून घेतात. औषधांचे रेणू वेगळे काढण्यासाठी ही यंत्रणा उभारलेलीच नसते, त्यामुळे फिट्सवर दिले जाणारे कार्बामाझेपिन तिच्यातून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. अँटिबायोटिकचे याहून वाईट: जिवाणूंची दाटी असलेल्या पाण्यात ते थोडे थोडे मिसळत राहिले, की त्याला न जुमानणारेच जिवाणू टिकून वाढतात. जिथे नाला थेट नदीला मिळतो, तिथे तर मधले केंद्रही नाही.

अख्खी पट्टी कचऱ्यात टाकू नये, हे मात्र मान्य. 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदतबाह्य औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली आणि अशा कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितले. आमच्या भागातले केंद्र कुठे, असे मी घंटागाडीवर विचारले, तेव्हा हसून उत्तर आले, ‘द्या इकडेच.’ त्यामुळे तोवर मी गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवतो, पिशवीचे तोंड घट्ट बांधतो आणि पट्टी कापून टाकतो. इनहेलर यात घालत नाही. तो दाबाखाली भरलेला असल्यामुळे त्याला भोक पाडणे किंवा तो जाळणे धोक्याचे असते.