दुसरा माणूस कोण?

सोलापूर सोडून सोळा वर्षं झाली, आता इंग्लंडमध्ये असतो, पण आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी अजून आहे. एरवी तिथं वर्गणी, आरतीच्या वेळा, कुणाचे वडील ॲडमिट झाले, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या, दिवसात नंदीध्वजाचे फोटो, असलंच चालतं. यंदा मे महिन्यात मात्र पोरांच्या उन्हाळी शिबिरावरून असा वाद पेटला की दोघं जण ग्रुप सोडून गेले. वाद सुरू मीच केला होता, म्हणून माझं म्हणणं एकदा नीट लिहून काढतो.

झालं असं, मंडळानं दहा दिवसांचं शिबिर ठरवलं, सकाळी व्यायाम आणि लेझीम, संध्याकाळी गोष्टी, आणि शेवटी नळदुर्गचा किल्ला बघून तिथंच एक रात्र मुक्काम. पन्नास-साठ पोरंपोरी आणि बघणारे सगळे कॉलेजातले दादा-ताई, एक रुपया न घेता राबणारे. मला या लोकांचं मनापासून कौतुक आहे, मी स्वतः असल्याच दादा लोकांच्या हाताखाली वाढलोय. मी फक्त तीन गोष्टी विचारल्या. मुक्कामाला पोरांजवळ कोण झोपणार, पोरींसोबत बायका किती आहेत, आणि कुठलंही पोर एकाच मोठ्या माणसासोबत एकटं राहणार नाही हे कोण बघणार.

पहिलं उत्तर आलं, "मालक, सगळी आपलीच माणसं आहेत." दुसरं, "तिकडचं डोकं इकडं लावू नका, आपल्याकडं असलं काही नसतं." तिसरं आमच्या अण्णांचं, ज्यांनी मला लेझीम हातात धरायला शिकवलं, आणि ते मला लई लागलं. अण्णा म्हणले, "चाळीस वर्षं पोरं सांभाळली, आता तू आमच्यावर संशय घेणार का?"

हा प्रश्न मी इथं इंग्लंडमध्येपण ऐकलाय, अगदी याच शब्दात, आणि तोही मराठी माणसाकडूनच. लेस्टरमध्ये आम्ही काही पालक मिळून रविवारी मराठी शाळा चालवतो. एका कम्युनिटी सेंटरचा हॉल भाड्यानं घेतो, बाराखडी, गाणी, दिवाळीला किल्ला. हॉल देतानाच त्यांनी विचारलं की तुमची सेफगार्डिंग पॉलिसी, म्हणजे पोरांच्या सुरक्षेचे लेखी नियम, कुठाय आणि पोरांना शिकवणाऱ्या सगळ्यांचं डीबीएस झालंय का. डीबीएस म्हणजे सरकारी तपासणी, या माणसावर आधी काही गुन्हा वगैरे आहे का ते बघतात, आणि फुकट काम करणाऱ्या व्हॉलंटियरला त्याची सरकारी फी माफ असते. आमच्या शाळेत एक काका शिकवायचे, निवृत्त मास्तर, पोरांचे लाडके. फॉर्म बघून त्यांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं शिकवलं, आता मी गुन्हेगार नाही हे कागदावर दाखवू का?" ते दोन रविवार आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांची सून, जी स्वतः इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, त्यांना घेऊन आली. तिनं त्यांना इतकंच सांगितलं होतं की बाबा, माझंपण झालंय, डॉक्टरांचंपण झालंय, सगळ्यांचंच होतं. काकांनी फॉर्म भरला. सगळ्यांनाच सारखं लागू आहे म्हणल्यावर त्यात अपमान कसला, हे त्यांना पटलं.

माझी पोरगी स्काउट्समध्ये जाते, तिथं मी मदतीला जातो. तिथं प्रत्येक मोठ्या माणसाला एक पिवळं कार्ड देतात, खिशात मावेल एवढं, त्यावर काय करायचं आणि काय नाही ते लिहिलेलं. पोरासोबत एकटं राहायचा प्रसंग आणू नका, दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात असू दे. पोर काही सांगायला लागलं तर ऐकून घ्या, पण "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. हे ट्रेनिंग दर तीन वर्षांनी परत करावं लागतं. पहिल्या महिन्यात एक प्रसंग झाला, एका पोराच्या गुडघ्याला खरचटलं म्हणून मी त्याला आतल्या खोलीत नेऊन पट्टी बांधायला निघालो, तर तिथली लीडर बाई, साठीच्या पुढची, शांतपणे मागून आली, दार उघडं करून त्याला खुर्ची लावली आणि तिथंच रजिस्टर भरत बसली. मला काही बोलली नाही. आधी मला कसंतरीच झालं, मग लक्षात आलं की मी काल आलेला नवा माणूस, ती मला ओळखतच नाही, आणि वीस वर्षं ओळखत असती तरी तिनं हेच केलं असतं.

हे वाचून कुणी म्हणेल इंग्लंडचे लोक लई शहाणे. तसं नाही. हे सगळं त्यांना पोरांचे जीव गमावून सुचलंय. २००२ च्या ऑगस्टमध्ये सोहॅम नावाच्या गावात दहा-दहा वर्षांच्या दोन पोरींचा खून झाला, करणारा गावातल्या शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याबद्दल आधी दुसऱ्या भागात पोलिसांकडं कितीतरी तक्रारी आलेल्या, पण नोकरी देताना त्यातलं काहीच शाळेपर्यंत पोचलं नाही. त्यानंतर चौकशी समिती बसली, २००६ ला कायदा आला आणि आजची ही तपासणी उभी राहिली. तरी २०१६ ला जुने फुटबॉल खेळाडू एकामागून एक बोलायला लागले की लहानपणी आमच्या कोचनी आमच्यावर अत्याचार केले, आणि क्लबातल्या काही लोकांच्या कानावर कुजबुज होती तरी कोण बोललं नाही, कारण कोच पोरांना मोठा प्लेअर बनवायचा. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनं तर २०२० ला दिवाळखोरी जाहीर केली, अत्याचाराचे ब्याऐंशी हजारांवर दावे आले त्यांच्यावर. म्हणजे गणवेश, शिस्त, प्रार्थना, सगळं होतं तिथं. आणि डीबीएसच्या कागदावर जे नोंदलंय तेवढंच येतं, ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही त्याचा कागद कोराच निघणार. म्हणून मला विचाराल तर कागदापेक्षा ती उघड्या दारातली खुर्ची महत्त्वाची.

आता आपल्याकडचं. बदलापूरचं ऑगस्ट २०२४ मध्ये कळलं, चार वर्षांच्या पोरी, शाळेतला सफाईचा माणूस, आणि आईबापांना तक्रार लिहून घ्यायला पोलिस ठाण्यात तासन् तास बसवलेलं. लोकांनी दिवसभर रेल्वे अडवली. माझापण जीव जळत होता, ऑफिसात फोन हातातून सुटत नव्हता. पण आमच्या ग्रुपवर आठवडाभर काय चाललं होतं, तर फाशी द्या, चौकात द्या, आणि पुढच्या महिन्यात पोलिसांच्या गोळीनं आरोपी मेला तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि विषय संपला. शाळेच्या चालकांवर वेळेत न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला होता, त्याच्यावर ग्रुपमध्ये एक मेसेज नाही. सरकारनं शाळांना सीसीटीव्ही लावायला सांगितलं, बरं केलं, पण नळदुर्गच्या मुक्कामाला कुठला सीसीटीव्ही येणार आहे? रात्री लेझीमचा सराव संपल्यावर पोराला गाडीवर घरी सोडायला जो जातो त्याच्या मागं कुठला कॅमेरा असतो?

बदलापूरच्या त्याच आठवड्यात एका रात्री माझ्या शाळेतल्या दोस्ताचा फोन आला. त्याला विचारून लिहितोय, ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. आम्ही सातवीत असताना लेझीममध्ये तो पहिल्या रांगेत असायचा, डाव बदलायची शिट्टी व्हायच्या आत त्याचे पाय बदललेले असायचे. हलगी कडाडली की त्याला बघायला बायका ओट्यावर येऊन थांबायच्या. एका वर्षी तो सरावाला यायचा बंदच झाला. आम्ही त्याच्या घराखाली जाऊन ओरडायचो, काय बे घाबरलास का, पोरीसारखं घरात बसलाय. तो खिडकी लावून घ्यायचा. त्या रात्री फोनवर त्यानं सांगितलं की त्याला गाडीवर घरी सोडणारा एक दादा होता. सहा महिने. आईला सांगायचा प्रयत्न केला तर आई म्हणली, ते पोरगं लई चांगलंय, तुझीच काहीतरी चूक झाली असंल. मग त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलापण नाही. आणि मला म्हणला, "तुम्ही खाली ओरडायचात ना, ते अजून आठवतं."

मी काही बोलू शकलो नाही. अजून त्यावर काय बोलावं ते मला सुचलेलं नाही.

म्हणून "आपल्याकडं असलं काही नसतं" हे मला ऐकवत नाही. केंद्र सरकारच्याच महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ ला अभ्यास केला, तेरा राज्यांत, महाराष्ट्रपण त्यात, बारा हजारांवर पोरांशी बोलून. ५३ टक्क्यांवर पोरांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते. करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले. ओळखीचा माणूस हाच तर मुद्दा आहे, अनोळखी माणसाच्या गाडीवर आपण पोराला बसवतच नाही.

कायदा आपल्याकडं कमी नाही, उलट या बाबतीत कडक आहे. पॉक्सो, म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी दोघंही येतात. कलम १९ प्रमाणं असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि न कळवलं तर कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर वर्षापर्यंत. संस्थेला नाव काहीपण असू दे, असं कायद्यातच लिहिलंय, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी हे आपल्याला नाही असं समजू नये. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर केस होत नाही हेपण त्यातच आहे. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहितीय? आपल्याकडं असलं काही कानावर आलं की चारचौघांत बसून मिटवायचं, त्या माणसाला दोन थोबाडीत द्यायच्या आणि दुसऱ्या मंडळात पाठवायचं, पोरीचं नाव खराब होईल म्हणून. थोबाडीत खाऊन तो दुसऱ्या गल्लीतल्या पोरांकडं जातो.

एक फट मात्र आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा सगळ्या ठिकाणी पोलिस पडताळणी करा म्हणलंय, पण भाषा स्टाफची, कर्मचाऱ्यांची आहे. फुकट येणारा दादा कर्मचारी कुठं असतो? आणि सोलापुरात पोरांचं निम्मं आयुष्य असल्याच लोकांच्या हाती असतं, गणपतीचं लेझीम, तालीम, खो-खोचा संघ, आषाढीला पंढरपूरला चाललेली पोरांची दिंडी. तिथं कायदा यायची वाट बघायची गरज नाही, मंडळानंच ठरवायचं. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आता ऑनलाइन अर्ज करून मिळतं, जो मुक्कामाला जाणार त्यानं काढावं, आणि सगळ्यात आधी अध्यक्षांनी काढावं. पोराला मेसेज करायचा तर ग्रुपवर, खासगीत नाही. १०९८ हा पोरांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर बोर्डावर लिहून ठेवावा.

एक गोष्ट मला इथं फार जाणवते. आमच्या लहानपणी वाड्यात विडी वळत बसलेल्या मावश्या असायच्या, मांडीवर सूप, हात पानावर आणि डोळे बोळात. कोण कुणाच्या पोराला कुठं घेऊन चाललंय हे त्यांना बरोबर माहीत असायचं आणि त्या हटकायच्या, "ए, कुणीकडं नेतोस त्याला?" लेस्टरमध्ये मला शेजाऱ्याचं आडनाव यायला दोन वर्षं लागली, इथं तसले डोळेच नाहीत म्हणून कार्ड आणि फॉर्म लागतात. आपल्याकडं ते डोळे अजून आहेत, फक्त ते "आपला माणूस" दिसला की खाली जातात. माझ्या दोस्ताला गाडीवरून जाताना त्याच मावश्या रोज बघत होत्या.

मे महिन्यातलं भांडण तसंच राहिलं होतं. दोन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला, इकडची-तिकडची चौकशी केली, चादरीच्या धंद्याचं बोलले, आणि मग म्हणले, "ते तू लिहिलेलं परत पाठव, डिलीट झालंय माझ्याकडनं." शिबिर झालं, नळदुर्गचा मुक्काम मात्र रद्द करून दिवसाची सहल केली. गणपतीआधी लेझीमच्या सरावाला अण्णांनी नियम केला, शेवटचं पोर जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबणार आणि गाडीवर एकट्या पोराला कुणी सोडायचं नाही, घरच्यांनी न्यायला यायचं. पहिला माणूस लगेच मिळाला. दुसऱ्यासाठी ग्रुपवर चार दिवस मेसेज फिरत होता, रोज रात्री दहापर्यंत कोण थांबणार, सगळे कामाचे.

पाचव्या दिवशी माझ्या दोस्तानं लिहिलं, "मी थांबतो." त्याचा पोरगा यंदा पहिल्यांदा लेझीम खेळणार होता. सातवीनंतर तो त्या मैदानात पाय ठेवत नव्हता, जायचं तर लांबच्या रस्त्यानं जायचा. आता रोज रात्री ग्रुपवर त्याचा मेसेज येतो, किती वाजले, किती पोरं होती, शेवटचं पोर कुणासोबत गेलं.